कोण कोणाला हवंसं वाटतं : रिचर्ड फंग यांच्या चित्रफिती

प्रेम आणि कामवासना या माणसाच्या सगळ्यांत खासगी गोष्टी. त्यांत सरकारनं किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाक खुपसू नये, ही भूमिका आता आपल्याकडेही बऱ्यापैकी रुजली आहे. समलिंगी माणसांच्या हक्कांची लढाई अनेक देशांत याच भूमिकेच्या बळावर पुढे सरकली. कॅनडानं १९६९ साली एकवीस वर्षांवरच्या दोन व्यक्तींमध्ये खासगीत होणाऱ्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा निकाल देताना खासगीपणाचा अधिकार हा एक महत्त्वाचा आधार मानला. लढाई न्याय्यच होती. पण तिच्याबरोबर एक समजूतही नकळत घट्ट झाली, ती म्हणजे जे खासगी आहे ते माणसाच्या आतूनच, आपलं आपण उगवतं. कोण देखणा वाटावा, कोणाकडे पाहून अंगावर शहारा यावा, कोण नजरेत भरूच नये, हे सारं जणू प्रत्येकाच्या रक्तात आधीच लिहिलेलं असतं. टोरांटोचे व्हिडिओ कलावंत रिचर्ड फंग यांनी चाळीस वर्षांच्या कामातून या समजुतीला धक्का दिला. ओढ खासगी असते हे त्यांना मान्य आहे, पण तिच्या घडणीत कायदा, स्थलांतर, बाजार आणि पडदा यांचा हात असतो, हे त्यांनी एकामागून एक चित्रफितींतून पुराव्यानिशी दाखवलं. त्यांच्या कामाचे विषय वरवर पाहता फार विखुरलेले दिसतात : पॉर्न, आईच्या आठवणी, रेल्वेचे मजूर, थॅलेसेमिया, डाळपुरी. माझ्या मते त्यांतल्या बहुतेक कामांमागे प्रश्न एकच आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय या कलावंताची कारकीर्द नीट कळत नाही.

फंग यांचा जन्म १९५४ सालचा, त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधला. वडील दक्षिण चीनमधून आलेले, तर आईचं चिनी घराणं कॅरिबियनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. त्रिनिदादमध्ये चिनी मजुरांची पहिली तुकडी १८०६ साली उतरली आणि १८४५ पासून १९१७ पर्यंत हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, येत राहिले. आफ्रिकी, भारतीय, चिनी आणि युरोपीय वंशाची माणसं एकाच बेटावर, पण इंग्रजी राजवटीनं लावून दिलेल्या उतरंडीत राहत होती. फंग तिथून पुढे टोरांटोला आले. तो काळही महत्त्वाचा आहे. कॅनडानं १९६७ साली स्थलांतरितांसाठी गुणांकन पद्धत आणली, वंशाची अट संपवली, आणि आशियाई माणसं मोठ्या संख्येनं तिथल्या शहरांत येऊ लागली. याच देशाच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यानं समलिंगी व्यक्तींना प्रवेश नाकारला होता. तो निर्बंध १९७६च्या नव्या कायद्यानं हटला. म्हणजे आशियाई आणि समलिंगी अशा दोन्ही ओळखी उघडपणे घेऊन टोरांटोत जगणं शक्य झालं, ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९८० साली तिथे ‘गे एशियन्स टोरांटो’ ही संघटना उभी राहिली आणि तिच्या स्थापनेत फंग यांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १९८१च्या रात्री, पोलिसांनी शहरातल्या समलिंगी पुरुषांच्या स्नानगृहांवर एकाच वेळी छापे घालून सुमारे तीनशे जणांना पकडलं. कायदा बदलला तरी पोलिसांची नजर बदलली नव्हती. छाप्यांच्या निषेधार्थ लोक रस्त्यावर उतरले आणि टोरांटोची समलिंगी चळवळ त्यानंतरच खऱ्या अर्थानं मोठी झाली. फंग यांचं काम या वातावरणातून आलं आहे. कलादालनाच्या शांततेत बसून सुचलेला हा विषय नव्हता.

त्यांनी चित्रपट सोडून व्हिडिओ का निवडला, हेही समजून घ्यायला हवं. चित्रपटाची फीत महाग, ती धुण्यासाठी प्रयोगशाळेत द्यावी लागे, म्हणजे तिथल्या अनोळखी माणसांच्या नजरेखालून जाऊ द्यावी लागे. साठच्या दशकाच्या अखेरीला सोनीचा पोर्टापॅक हा सोबत नेता येणारा व्हिडिओ संच बाजारात आला आणि चुंबकीय फितीवर चित्र व आवाज एकदम टिपून लगेच पाहता-ऐकता येऊ लागले. प्रयोगशाळा नको, मोठा चमू नको, वितरकाची मनधरणी नको. टोरांटोत कलावंतांनी स्वतः चालवलेली केंद्रं निघाली, उपकरणं भाड्यानं मिळू लागली, आणि अशा चित्रफितींचं जतन व वितरण करणारी ‘व्हीटेप’ ही संस्थाही उभी राहिली. ज्यांच्याकडे पैसा आणि सत्ता नव्हती अशा स्त्रिया, कृष्णवर्णीय, समलिंगी यांनी व्हिडिओ आपलासा केला त्याचं कारण हेच. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हीसीआर आला आणि पॉर्नही काळोख्या थिएटरांतून उठून घरात आलं. एकाच प्रकारच्या कॅसेटनं एकीकडे ठरावीक साच्यातल्या कामुक प्रतिमा घरात आणल्या आणि दुसरीकडे त्या प्रतिमांची चिकित्सा करण्याचं साधनही कलावंताच्या हाती दिलं. फंग यांनी या दुहेरी शक्यतेचा पुरेपूर उपयोग केला.

त्यांची पहिली महत्त्वाची चित्रफीत ‘ओरिएंटेशन्स’ १९८४ची, तासाभरापेक्षा थोडी कमी. टोरांटोतल्या चौदा आशियाई समलिंगी स्त्री-पुरुषांच्या मुलाखती हा तिचा गाभा. शैलीच्या दृष्टीनं ती साधी आहे, माणसं कॅमेऱ्यासमोर बसतात आणि बोलतात. पण ही माणसं चेहरा न लपवता बोलतात, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. घरच्यांच्या दृष्टीनं समलिंगी असणं हा गोऱ्यांचा रोग, आणि गोऱ्या समलिंगी जगाच्या दृष्टीनं हे लोक परके. दोन्हीकडून आलेल्या या नाकारण्याला ‘आम्ही आहोत’ हे उत्तर आधी द्यावं लागणार होतं. दोन वर्षांनी आलेली ‘चायनीज कॅरेक्टर्स’ मात्र वेगळ्याच वाटेनं जाते. इथे आशियाई पुरुष गोऱ्या पुरुषांच्या पॉर्नबद्दल बोलतात. ते पाहताना आपण कोणाच्या जागी असतो, आपल्याला कोण हवं असतं, आपल्यासारखं कोणीच पडद्यावर नसताना आपण त्यात शिरतो कसे? या मुलाखतींच्या मधेमधे पीत नदीच्या उगमाच्या शोधाची जुनी चिनी कथा येते, अभिनयानं रंगवलेले प्रसंग येतात, आणि एके ठिकाणी इलेक्ट्रॉनिक करामतीनं एका आशियाई पुरुषाची प्रतिमा तयार पॉर्नच्या दृश्यातच बसवली जाते. त्या दृश्यापाशी थांबायला हवं. बसवलेली प्रतिमा मूळ चित्रात पुरती मिसळत नाही, जोड दिसतो. फंग यांना तो दिसायलाच हवा आहे. ज्या दृश्यात आपल्याला जागाच ठेवलेली नाही तिथे आपली वासना आपल्याला घेऊन जाते, आणि तरीही आपण तिथे उपरेच राहतो, ही अवस्था कोणत्याही भाष्याशिवाय त्या एका जोडातून कळते. पुढे अभ्यासक होसे एस्तेबान मुन्योस यांनी १९९९च्या आपल्या ग्रंथात फंग यांच्या कामाला एक संपूर्ण प्रकरण दिलं. त्यांचं म्हणणं असं की अशा कलावंतांपुढे प्रस्थापित प्रतिमा मुकाट स्वीकारणं किंवा सरळ फेकून देणं एवढे दोनच मार्ग नसतात. त्या प्रतिमेच्या आत राहून तिला आतून वाकवण्याचा तिसरा मार्गही असतो. ‘चायनीज कॅरेक्टर्स’ त्याच मार्गावरची आहे.

या चित्रफितीनंतर फंग यांनी तोच विचार लेखातही मांडला. १९९१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध उत्तर अमेरिकेतल्या समलिंगी पॉर्नमधल्या आशियाई पुरुषाबद्दल आहे आणि आजही विद्यापीठांतून शिकवला जातो. निबंधाची सुरुवात ते फिलिप रश्टन या कॅनडातल्याच मानसशास्त्राच्या प्राध्यापकापासून करतात. वंशांची उतरंड लावून पौर्वात्य लोकांमध्ये कामेच्छा कमी असते असं सांगणारे दावे रश्टन यांनी त्या काळात केले होते आणि त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. विज्ञानाच्या नावाखाली सांगितली गेलेली हीच कल्पना लोकप्रिय पडद्यावर आधीपासून कशी नांदत होती, हे फंग दाखवतात. हॉलिवुडमधला आशियाई पुरुष एक तर चष्मा लावलेला पुस्तकी किडा असतो, नाही तर कुंगफूचा गुरू किंवा सामुराई. दोघांतही सामर्थ्य वेगवेगळं, पण शृंगार दोघांच्याही वाट्याला नाही. पॉर्न हा तर शृंगाराचाच प्रकार, तिथे तरी चित्र पालटायला हवं. फंग ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या काही चित्रफिती घेऊन दृश्यं बारकाईनं तपासतात आणि दाखवतात की तिथे आशियाई पुरुष जवळपास नेहमी ग्रहण करणाऱ्याच्या भूमिकेत असतो, आणि दृश्याची रचना गोऱ्या पुरुषाच्या सुखाभोवती फिरते. त्यांचा मुद्दा नेमका समजून घ्यायला हवा. ग्रहण करण्यात कमीपणा आहे असं ते म्हणत नाहीत. त्यातही सुख आहे, सत्ता आहे, हे ते स्वच्छ सांगतात. त्यांचा आक्षेप एका वंशाला एकच जागा नेमून देण्याला आहे. कथेत आशियाई पात्र मुख्य असलं तरी पाहणारा गोराच असणार, हे कॅमेऱ्यानं आधीच धरलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आवड ही आवड असते, तिला वंशवाद कशाला म्हणायचं? कोणाला कोण आवडावं हे कोणी सक्तीनं ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. आक्षेपात तथ्य आहे, आणि फंग कोणाच्याही आवडीवर बंदी घालायला निघालेले नाहीत. पण आवडी खरोखरच केवळ व्यक्तिगत असत्या तर त्या चहूकडे विखुरलेल्या दिसल्या असत्या. हजारो अनोळखी माणसांची आवड एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसते, तेव्हा साचा कुठे आहे हे विचारावंच लागतं. मराठी वाचकाला हे समजायला टोरांटोपर्यंत जायची गरज नाही. आपल्या वधूवर सूचक जाहिरातींत वर्षानुवर्षं ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द छापून आले. त्यातल्या प्रत्येक घरानं ती आपली खासगी पसंती आहे असंच मानलं असणार, पण सगळ्यांची खासगी पसंती शब्दाला शब्द जुळावी हा योगायोग नव्हे. त्या साच्यात सावळ्या मुलींची किती आयुष्यं भरडली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. फंग यांचा मुद्दा याच जातीचा आहे. दुसरा आक्षेप विषयाच्या योग्यतेबद्दलचा. पॉर्नसारख्या क्षुद्र गोष्टीवर एवढी बुद्धी का खर्च करावी? कारण ज्या काळात शाळा, घर, धर्म, सिनेमा यांपैकी कुठेही दोन पुरुषांमधलं प्रेम दिसत नव्हतं, त्या काळात अनेक तरुणांना ‘आपल्यासारखे कोणी आहेत’ हे पहिल्यांदा कळलं ते याच कॅसेटींतून. त्यांचं लैंगिक शिक्षण तिथेच झालं, आणि स्वतःच्या शरीराची किंमतही त्यांनी तिथूनच शिकली. जिथे माणसं इतकं शिकतात ती जागा अभ्यासाबाहेर ठेवणं चूक ठरलं असतं.

एड्सच्या साथीनं या चर्चेला जीवनमरणाचं वजन आलं. १९९० साली फंग यांनी न्यूयॉर्कच्या ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ या संस्थेसाठी ‘स्टीम क्लीन’ ही काही मिनिटांची चित्रफीत केली. कंडोम वापरून होणारा संभोग तीत उघडपणे दाखवला आहे आणि दोन्ही पुरुष आशियाई आहेत. साधी वाटणारी ही निवड आधीच्या विवेचनाचा थेट परिणाम आहे. सुरक्षित संभोगाच्या प्रचारात सगळे चेहरे गोरेच दिसले, तर रोग आणि उपाय दोन्ही गोऱ्यांचेच असा अर्थ निघतो. आणि आशियाई पुरुष एकमेकांची कामना करू शकतात हे दिसलंच नाही, तर त्यांना आपल्या संबंधांची काळजी घ्यायला सांगणार कोणत्या तोंडानं? त्याच वर्षीच्या ‘फायटिंग चान्स’मध्ये एचआयव्हीसह जगणारे आशियाई समलिंगी पुरुष स्वतः बोलले. इथे कलाप्रेमी वाचक म्हणेल की हे सारं उपयुक्त असेल, पण ही तर प्रचारपत्रकं झाली, कला कुठे आहे? माझं उत्तर असं की ‘स्टीम क्लीन’ हे खरोखरच कामासाठी केलेलं काम आहे आणि त्याला दुसऱ्या मोजपट्टीनं मोजण्याचं कारण नाही. शिवाय कामुक प्रतिमांमधून शिक्षण देण्याच्या मर्यादा कुठे सुरू होतात, याची चिकित्सा फंग यांनी स्वतःच नंतरच्या एका निबंधात केली. आपल्याच कामाला असं प्रश्न विचारणारा माणूस प्रचारक नसतो. आणि त्यांची उत्तम कामं प्रचाराच्या भाषेत बसतच नाहीत, हे पुढच्या चित्रफिती पाहिल्या की पटतं.

त्याच १९९०मधली ‘माय मदर्स प्लेस’ ही आईची, रिटा फंग यांची आठवणगाथा. त्याआधी वडिलांच्या चीनमधल्या गावाचा शोध त्यांनी ‘द वे टू माय फादर्स व्हिलेज’मध्ये घेतला होता, पण वडील अबोल आणि आई बोलकी, त्यामुळे दुसरी चित्रफीत जास्त जिवंत झाली. आई वसाहती त्रिनिदादमधलं बालपण सांगते, इंग्रजी शाळा, वर्ग, वर्ण, कोणाशी मिसळायचं आणि कोणाशी नाही याचे न लिहिलेले नियम. मुलगा कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतो. मध्येच घरगुती सिनेमाच्या जुन्या फिती येतात, नीटनेटके कपडे घातलेलं, हसरं, मध्यमवर्गीय कुटुंब. आणि त्यावर फंग यांचा आवाज सांगतो की लहानपणी त्यांना आईचे कपडे घालून मिरवायला आवडायचं. एकदा आईनं पकडलं आणि रस्त्यावर काढून उभं करीन अशी धमकी दिली. भीती वाटली, पण घालणं काही थांबलं नाही. बस, एवढंच. घरगुती फितींमधलं सुखी कुटुंब आणि त्या चौकटीबाहेर ठेवलेलं मूल यांच्यातली फट या एका आठवणीनं उघडी पडते. वर्णाची आणि वर्गाची शिस्त ज्या घरानं इंग्रजी राजवटीकडून घेतली, त्याच घरानं मुलगा आणि मुलगी कसे असावेत याचीही शिस्त घेतली. या दोन शिस्ती एकाच ठिकाणाहून येतात, हे इथे कोणी व्याख्यान देऊन सांगत नाही, तरी ते कळतं. आणि आईबद्दलचा जिव्हाळा कुठेही उणावत नाही.

‘डर्टी लाँड्री’ (१९९६) हाच विचार राष्ट्राच्या पातळीवर नेते. रॉजर क्वाँग हा चिनी वंशाचा कॅनेडियन पत्रकार लेखासाठी रेल्वेनं देश ओलांडतो आहे. डब्यातल्या एका कर्मचाऱ्याशी झालेली भेट आणि घरातून आलेल्या एका जुन्या ठेव्याबद्दल अचानक लागलेला शोध यांमुळे त्याला स्वतःबद्दल नवे प्रश्न पडू लागतात. कथा काल्पनिक आहे, पण तिच्यात इतिहासकारांच्या मुलाखती आणि जुन्या कागदपत्रांतले उतारे मिसळले आहेत. मूळ इतिहास असा : कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर आणले गेले. रेल्वे १८८५ साली पुरी झाली, आणि त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर पन्नास डॉलरांचा डोईपट्टी कर बसला. १९०३ पर्यंत तो पाचशे डॉलर झाला. १९२३च्या कायद्यानं प्रवेश जवळपास बंदच केला आणि तो कायदा १९४७ पर्यंत टिकला. मजुराला स्वतःच्या येण्यासाठीच एवढी रक्कम भरावी लागत असताना बायकोमुलं कुठून आणणार? अशा रीतीनं जवळजवळ निव्वळ पुरुषांच्या वस्त्या तयार झाल्या. चिनी स्थलांतराची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे मग याच पुरुषांच्या अनैतिकतेच्या आणि अनैसर्गिक संबंधांच्या कहाण्या सांगितल्या गेल्या. आधी कायद्यानं कुटुंब तोडायचं आणि मग तुटलेल्या कुटुंबातल्या पुरुषाला विकृत ठरवायचं. पुढच्या पिढ्यांनी या बदनामीवर उतारा म्हणून आपल्या पूर्वजांना निष्कलंक, कष्टाळू, एकपत्नीव्रती ठरवलं आणि त्या वस्त्यांतली जवळीक इतिहासातून पुसून टाकली. फंग दोन्ही बाजूंना नाही म्हणतात. त्या पुरुषांपैकी काहींनी एकमेकांवर प्रेम केलं असेल, तर ते लाजेचं का? पुराव्यानं जिथवर नेलं तिथवर ते जातात आणि त्यापुढचं काल्पनिक कथेवर सोडतात. इतिहासकाराला ही मोकळीक नसते. इथे माहितीपटानं कल्पनेची मदत घेणं मला समर्थनीय वाटतं, कारण कल्पना कुठे सुरू होते हे प्रेक्षकापासून लपवलेलं नाही.

आता तिसरा आक्षेप, जो आपल्याकडे हमखास ऐकू येतो : हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? ‘रेक्स व्हर्सेस सिंग’ ही २००८ची चित्रफीत त्याचं उत्तर आहे. फंग यांनी ती जॉन ग्रेसन आणि अली काझिमी या चित्रपटकारांसह केली. १९०९ ते १९२९ या काळात व्हँकूव्हरमध्ये समलिंगी संभोगाच्या आरोपाखाली खटले चाललेल्यांमध्ये शीख पुरुषांचं प्रमाण विलक्षण मोठं होतं. १९१५ सालच्या अशा एका खटल्यात लाकूडगिरणीत काम करणाऱ्या दोन शिखांना साध्या वेशातल्या पोलिसांनी जाळ्यात ओढलं, असं कागदपत्रं सांगतात. त्याच्या आदल्याच वर्षी कोमागाटा मारू जहाजानं आलेल्या हिंदुस्थानातल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठवण्यात आलं होतं. जे आधीच आत आलेले होते त्यांना गुन्हेगार ठरवण्यासाठी कायद्यातलं दुसरं कलम हाताशी होतंच. ही चित्रफीत त्या एकाच खटल्याची गोष्ट चार वेळा सांगते : आधी जुन्या काळच्या नाटकासारखी, मग तपासाच्या माहितीपटासारखी, मग गाण्यांच्या निषेधनाट्यासारखी, आणि शेवटी न्यायालयाच्या मूळ नोंदींची चिरफाड करत. चौथ्या वेळी तेच शब्द ऐकताना कळतं की ही गोष्ट मुख्यतः पोलिसांच्या तोंडून आलेली आहे. त्या दोघांना एकमेकांबद्दल काय वाटत होतं, काही वाटत होतं की नाही, याची नोंदच नाही. इंग्लंडमधून निघालेला कायदा कॅनडाच्या दंडसंहितेत गेला आणि १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ होऊन बसला. एकाच साम्राज्यानं पंजाबातल्या शेतकऱ्याला प्रजा केलं, व्हँकूव्हरला त्याला नको असलेला माणूस ठरवलं आणि दोन्हीकडे त्याच्या शरीरावर एकाच जातीचा कायदा चालवला. या इतिहासाला तिकडचा म्हणता येत नाही.

या सगळ्या कामांत २०००ची ‘सी इन द ब्लड’ ही सव्वीस मिनिटांची चित्रफीत मला सर्वांत श्रेष्ठ वाटते. फंग यांची बहीण नॅन हिला थॅलेसेमिया होता. महाराष्ट्रातही वारंवार रक्त चढवून घेणारी मुलं घरात असलेल्या कुटुंबांना हा आजार काय असतो हे वेगळं सांगायला नको. १९७७ साली फंग आपले जोडीदार टिम मॅकॅस्केल यांच्यासह खुष्कीच्या मार्गानं लांबच्या प्रवासाला निघाले होते. तरुण प्रेमाचे ते दिवस, आणि त्याच काळात तिकडे बहीण गेली. पुढे टिम यांना एचआयव्हीची लागण झाली. टोरांटोच्या एड्स चळवळीतले ते आघाडीचे कार्यकर्ते. म्हणजे रक्ताच्या दोन आजारांच्या मध्ये एक माणूस उभा आहे, एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला प्रियकर. चित्रफितीत पुन्हा पुन्हा एक दृश्य येतं : पाण्याखाली दोन पुरुष आलटून पालटून एकमेकांच्या पायांमधून पोहत जातात. जुन्या स्लाइड्स, घरगुती फिती, आईचं बोलणं, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारा मजकूर. यांतून हळूहळू समजतं की ज्या प्रवासात त्यांना प्रेम मिळालं त्याच प्रवासानं त्यांना बहिणीच्या शेवटच्या दिवसांपासून दूर ठेवलं. इथे समलिंगी कामना हा वादाचा मुद्दा उरत नाही. ती एका कुटुंबातल्या दुःखाचा, अपराधी भावनेचा आणि शुश्रूषेचा भाग होते. आधीच्या चित्रफितींनी विश्लेषणाची भूमी तयार केली नसती तर एवढ्या साधेपणानं हे सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

सगळीच कामं या सूत्रात ओवता येतात असा माझा दावा नाही. २०१२च्या ‘दाल पुरी डायास्पोरा’मध्ये फंग त्रिनिदादच्या डाळपुरीचा माग काढत भारतात येतात. गिरमिटियांनी भोजपुरी मुलखातून नेलेली ही पोळी, जिच्यात वाटलेली डाळ भरलेली असते, त्रिनिदादमध्ये रस्त्यावरचं खाणं झाली आणि तिथून टोरांटोला पोहोचली. आपल्या पुरणपोळीची ही तिखटमिठाची चुलत बहीणच. हा माहितीपट सुंदर आहे, पण त्याला ओढून ताणून समलिंगी कामनेशी जोडणं फंग यांच्यावरच अन्याय ठरेल. फार तर एवढं म्हणता येईल की जिभेची आवडही जहाजांतून, मजुरीतून आणि बाजारातून घडते, हे तो दाखवतो. मात्र २००२ची ‘आयलंड्स’ ही छोटी चित्रफीत जरूर या सूत्रातली. जॉन ह्यूस्टन यांचा १९५७चा ‘हेवन नोज, मिस्टर ॲलिसन’ हा चित्रपट पॅसिफिकमधल्या बेटावर घडतो, पण त्याचं चित्रण टोबॅगोत झालं. फंग यांचे काका त्यात जपानी सैनिकांच्या गर्दीत उभे होते. त्रिनिदादचा चिनी माणूस जपानी म्हणून उभा राहतो आणि गोऱ्या नायक-नायिकेच्या प्रेमकथेची पार्श्वभूमी होतो. फंग त्या चित्रपटाच्या तुकड्यांत काकांचा चेहरा शोधत राहतात. प्रेम करण्याचा हक्क कोणाचा आणि मागे उभं राहण्याचं काम कोणाचं, हे कॅमेरा आधीच ठरवतो, ही पॉर्नच्या अभ्यासातून निघालेलीच गोष्ट आहे.

२०१६ साली फंग यांनी ‘री:ओरिएंटेशन्स’मध्ये १९८४च्या त्या चौदांपैकी सात जणांना पुन्हा भेटून त्यांचे जुने शब्द त्यांच्यासमोर ठेवले. मधल्या तीन दशकांत कॅनडात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, आणि तरुण आशियाई कार्यकर्त्यांची नवी पिढी उभी राहिली. मात्र फंग यांच्या जन्मभूमीत उलटंसुलटं घडलं. त्रिनिदादच्या उच्च न्यायालयानं २०१८च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्या निकालाच्या पाच महिने आधी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२५च्या मार्चमध्ये तिथल्याच अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. फंग यांच्या चित्रफिती आजही प्रामुख्यानं महोत्सवांत, कलादालनांत आणि विद्यापीठांच्या वर्गांतच दिसतात, ही त्यांच्या कारकिर्दीची मोठी उणीव आहे, आणि ती त्यांच्यापेक्षा दाखवणाऱ्यांची जास्त आहे. मुंबईत २०१० पासून ‘कशिश’ महोत्सव भरतो, पुण्यामुंबईत फिल्म सोसायट्यांची जुनी परंपरा आहे, महाविद्यालयांत माध्यमांचे अभ्यासक्रम सुरू आहेत. त्यांच्यापैकी कोणी तरी ‘रेक्स व्हर्सेस सिंग’ आणि ‘सी इन द ब्लड’ या दोन चित्रफिती एका संध्याकाळी लागोपाठ दाखवाव्यात. दोन्ही मिळून तासाभराचा कार्यक्रम होईल, आणि त्यानंतर चर्चेला हवा तेवढा वेळ ठेवावा.